गोळीचा हिशेब

नरकचतुर्दशीची पहाट असते. अभ्यंगस्नाने आटोपून घरातील मोठी मंडळी फराळाच्या तयारीला लागलेली असतात आणि अंगणात धाकट्यांची लढाई केव्हाच जुंपलेली असते. टिकल्यांची पिस्तुले घेऊन एक दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर आणि सगळे मिळून दारातल्या मांजरावर नेम धरीत असतात. “ठो! तू मेलास!” “छट्, मला लागलीच नाही!” हा वाद आपल्याही अंगणात चाललेला असेल. टिकल्यांची गुंडाळी संपली की लढाई संपते, मेलेले उठतात आणि चकल्या खायला घरात येतात. किती टिकल्या उडाल्या, कोणावर उडाल्या, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मीही आजवर तो ठेवला नव्हता. पण गेल्या जानेवारीत सोलापुरात एक आठवडा असा काढला की खऱ्या गोळीचा हिशेब कसा ठेवतात ते डोळ्यांनी पाहिले. आणि इतकी वर्षे आपण मुलांना जो इतिहास शिकवला त्यात हाच हिशेब कच्चा राहिला होता, हेही कळून चुकले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो. ती सगळीच गोड नाही. पण कारीट फोडून त्याचे कडू बी जिभेला लावल्यावाचून आपल्याकडे नरकचतुर्दशी तरी कुठे पुरी होते?

झाले असे की, राष्ट्रीय छात्र सेनेच्या चाळीस छात्रांचे एक शिबिर शहराबाहेरच्या माळावर भरायचे होते. सकाळी नेमबाजी, दुपारी इतिहास, असा सात दिवसांचा बेत. शिबिराचे प्रमुख म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. आता तो स्वतःच शिक्षक आहे, खांद्यावर छात्र सेनेचे तारे लावतो. “सर, दुपारचा इतिहास तुम्ही सांगा,” असे त्याने घरी येऊन सांगितले. “तुम्ही गोष्टीसारखा सांगता. पोरं सकाळी दमलेली असतात; दुसरा कोणी असेल तर झोपतात.” ही स्तुती होती की सूचना, ते मला नीट कळले नाही, पण मी होकार दिला. माझ्या दोनतीन ऐतिहासिक कादंबऱ्यांत तलवारींचा खणखणाट भरपूर आहे. बंदूक मात्र मी उभ्या जन्मात हातात धरली नव्हती.

जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा! सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमतीकट्ट्यावरचा अक्षतासोहळा. गावात पांढऱ्या बाराबंदीची लगबग सुरू झालेली आणि ही चाळीस मुलेमुली खाकी गणवेशात माळावर अडकलेली. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या कन्नड, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या उर्दू, पण पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच होता : “सर, गड्ड्याला सोडणार ना?”

नेमबाजी शिकवायला साताऱ्याकडचे एक हवालदार आले होते. उंच, सडसडीत, बोलणे मोजके. मला ते पहिल्यापासून ‘गुरुजी’ म्हणत. पहिल्या सकाळी मी उत्साहाने कानात कापूस घालून बसलो, तर पहिले दोन दिवस एकही गोळी उडाली नाही! मुले नुसती पालथी पडायची. डावे कोपर बंदुकीखाली, दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट, गाल लाकडाला टेकलेला. मग डोळा, मागची खाच, नळीवरची माशी आणि समोरचे लक्ष्य ही चारही एका रेषेत आणायची. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, उरलेला थोपवायचा आणि त्या निश्चल क्षणात चाप दाबायचा. ओढायचा नाही, हिसका द्यायचा नाही. लिंबू पिळतात तसा हळूहळू दाबायचा. नळीवर एक नाणे ठेवलेले असे. चाप दाबताना नाणे पडले की पुन्हा पहिल्यापासून. “नाणं पडलं म्हंजे गोळी गेली वाया,” हवालदार म्हणत, “आन् वाया गेलेली गोळी कुठंतरी जाऊन लागतीच.”

बंदूक ‘पॉइंट टू टू’ची, जुन्या लष्करी रायफलीच्या घाटाची, वजनाला जवळजवळ चार किलो. तिचे काडतूस बोटाच्या दोन पेरांहून मोठे नाही. लक्ष्य पंचवीस यार्डांवर, त्यामागे मातीचा उंच बांध. एवढीशी गोळी, पण बांध नसेल तर ती मैलभर जाऊ शकते, हे ऐकून मी खुर्ची आणखी चार पावले मागे घेतली.

तिसऱ्या दिवशी गोळ्या मिळाल्या, प्रत्येकाला पाच. मला वाटले, जो लक्ष्याच्या मध्यावर मारील तो जिंकला. तसे नव्हते. पाचही गोळ्या एकमेकींच्या जवळ लागल्या पाहिजेत, ही पहिली परीक्षा. मग त्या कागदाच्या कोपऱ्यात का असेनात. याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात. गोळ्या जवळजवळ पडल्या म्हणजे हात स्थिर आहे. मग नेम सरकवून मध्यावर आणता येतो. ज्याची एक मध्यावर आणि चार चार दिशांना, त्याचे काही खरे नाही, ती एक नशिबाने लागलेली. चौथी-पाचवीतल्या माझ्या कितीतरी हुशार विद्यार्थ्यांची मला त्या वेळी आठवण झाली!

मुलींचे ‘ग्रुप’ मुलांच्या ग्रुपांहून आटोपशीर येत होते. मुले चिडली, तेव्हा हवालदारांनी त्यांना अंजली भागवतांचे नाव सांगितले. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्र सेनेत असताना या मुलीने बंदूक हाती घेतली आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत गेली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे असेच पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन उभा राहिला. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला १९५२ मध्ये मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूचे ते वैयक्तिक पदक. मध्ये बहात्तर वर्षे गेली. नावे ऐकताच मुलांच्या माना ताठ झाल्या आणि पुढच्या फेरीत त्यांच्याही गोळ्या एकमेकींजवळ सरकल्या.

दुपार माझी. पहिल्या व्याख्यानात मी मुलांना एकच सांगितले : आज तुमच्या हातात बंदूक देऊन सरकार ती कशी धरावी हे शिकवते आहे, पण तुमच्या पणज्यांच्या हातातून याच बंदुका काढून घेतल्या होत्या. १८५७ची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. १८७८च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची बंदी झाली. गोऱ्यांना मात्र मोकळीक. गोऱ्यांच्या स्वयंसेवक पलटणी होत्या, त्यांत हिंदी तरुणाला प्रवेश नाही. आम्हांलाही घ्या, ही मागणी राष्ट्रसभेच्या आरंभीच्या अधिवेशनांतच झाली होती. दाद लागली ती पहिल्या महायुद्धात, गरज पडली तेव्हा. १९१७ मध्ये विद्यापीठांतून विद्यार्थ्यांच्या तुकड्या निघाल्या. १९२० च्या कायद्याने त्यांचे ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाले. पुढे १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि स्वतंत्र भारताच्या संसदेने १९४८ मध्ये छात्र सेनेचा कायदा केला. मुलींचा विभाग १९४९ मध्ये निघाला. चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत हे शिक्षण सक्तीचे झाले, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. “म्हणजे सर, आमच्या आजोबांना जबरदस्तीनं यावं लागलं आणि आम्ही हौसेनं आलो!” असे एकाने काढून दाखवले. हिशेब बरोबर होता.

एका दुपारी त्यांना भुईकोट किल्ल्यात नेले. मुलांनी तो शंभरदा पाहिलेला. बागेत फिरायला, भेळ खायला. त्या दिवशी मात्र ती तटावर चढली आणि जंग्यांना डोळा लावून पाहू लागली. दुपदरी तट, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वराचे तळे. बहमनी अमदानीतला हा किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात कितीदा हात बदलला! हुसेन निजामशहाने लेक चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले. अन् त्या आंदणावरून पुढे पुन्हा भांडणे. शेवटची लढाई मे १८१८ मधली. दुसरा बाजीराव पळत होता, पण त्याचे उरलेसुरले पायदळ आणि तोफा घेऊन गणपतराव पानसे इथे जनरल मन्रोशी झुंजले. पानशांचे घराणे पेशव्यांच्या तोफखान्याचे. त्या मे महिन्यात किल्ला पडला. “सर, इथनं खंदकापलीकडचा माणूस बरोब्बर दिसतो की!” जंगीतून एक मुलगी ओरडली. मी आजवर वर्गात ‘किल्ला पडला’ हे दोन शब्दांत सांगून पुढे जात होतो. जंगीपलीकडे माणूस दिसतो, हे तिच्यामुळे ध्यानात आले.

पाचव्या दिवशी सकाळचा सराव संपला. हवालदार रिकामी काडतुसे मोजायला बसले. चाळीस मुले, पाच-पाच गोळ्या, दोनशे रिकामी काडतुसे परत यायला हवीत. भरली एकशे नव्याण्णव. पुन्हा मोजली; एकशे नव्याण्णव. मला वाटले, एवढेसे पितळेचे टोपण, जाऊ द्या. पण कोणी जागचे हलेना. मुले रांगेत गुडघ्यांवर बसून गवत चाळू लागली. जेवणाची घंटा झाली, डाळ निवली, ऊन वर आले. हवालदार एकदाही ओरडले नाहीत; ते नुसते वहीपाशी उभे. त्या वहीत मी डोकावलो. किती गोळ्या आल्या, कोणाला दिल्या, कोणाच्या हुकमाने झाडल्या, किती टोपणे परत आली. आणि खाली सही. एका गोळीलाही कुठे पळवाट नाही.

दोन अडीच तासांनी सगळ्यांत धाकटा छात्र रडवेला होऊन पुढे आला. दक्षिण सोलापुरातल्या एका खेड्यातला, हडकुळा पोर. पायमोज्यातून त्याने ते टोपण काढले. “आईला दाखवायचं होतं,” एवढेच म्हणाला. माझा जीव गलबलला. आता शिक्षा, असे वाटले. हवालदारांनी टोपण त्याच्याच हाताने डब्यात टाकायला लावले, वहीत दोनशेचा आकडा त्याच्याकडूनच लिहवला आणि म्हणाले, “बाळा, सुटलेली गोळी काय माघारी येत न्हाई. पर ती सुटली, एवढं तरी कागदावर राह्यलं पायजे.”

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसले. कारण दुसऱ्या दिवशी बारा जानेवारी होती.

बारा जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सकाळी मुलांना चार पुतळ्यांपाशी नेले, फुले वाहिली, सलामी झाली. दुपारी मी बोलायला उभा राहिलो. हा धडा मी किती वर्षे शिकवतो आहे! माझ्या टाचणवहीत त्याला चार ओळी आहेत : चौघांची नावे, तारीख, लष्करी कायदा आणि शेवटी ‘हसत हसत फासावर गेले’. पण त्या दिवशी समोर बसलेल्या मुलांच्या उजव्या खांद्यांवर दस्त्याचे वळ होते. त्यांना चार ओळींत उरकणे मला जमेना. मी पहिल्यापासून सांगू लागलो.

१९३०चे साल. मिठाचा सत्याग्रह पेटला होता. सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकत होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे गाव उसळले, हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडे तोडायला जमले. पोलीस आले, कलेक्टर नाइट आले. गर्दी पुढे सरकत होती. झेंडा घेतलेला शंकर शिवदारे नावाचा एक तरुण पुढे झाला आणि एका गोऱ्या सार्जंटने त्याच्यावर गोळी झाडली. सोलापूरचा तो पहिला हुतात्मा. मग लोकांचा तोल गेला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली. दोन शिपाई मारले गेले. कचेरी पेटली. गावात गोळीबार झाला. त्यात किती पडले, याचा आकडा सरकारी कागदावर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरा.

त्यानंतर सरकारी अंमल गावातून जवळजवळ उठलाच. ज्याला सोलापूरकर अजून अभिमानाने आपले स्वराज्य म्हणतात ते ते दिवस. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. डोक्यावरची गांधीटोपी गुन्हा ठरली, झेंडा गुन्हा ठरला, नगरपालिकेवरचा तिरंगा उतरवला गेला. मग त्या दोन शिपायांच्या खुनाबद्दल चौघांना धरले. मल्लप्पा धनशेट्टी यांनी त्या दिवशी जमावाला आवरण्याची खटपट केली, असे या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ पत्राचे संपादक, कामगारांचे पुढारी, ऐन विशीतले. जानेवारीत चौघे फासावर गेले.

माझे बोलणे संपले. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. मोहोळकडचा, त्याचे वडील पोलिसात शिपाई आहेत, हे मला आधीच कळले होते.

“सर, एक विचारू का?”

“विचार की.”

“त्या दोन शिपायांची नावं काय होती?”

माळावर वारा वाहत होता, तेवढाच आवाज. मला ती नावे सांगता आली नाहीत. काही मुले त्याच्याकडे रागाने पाहू लागली. ‘हा कोणाच्या बाजूचा?’ असा तो राग. त्याचा चेहरा उतरला, पण तो बसला नाही. “आमच्याच भागातले असतील ना सर? त्यांनापण घरी पोरं असतील,” एवढे बोलून मग तो बसला. मी “उद्या बोलू” म्हणालो. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो उद्या बोलू म्हणतो, हे मुलांना ठाऊक असते.

रात्री घरी टाचणवही काढून बसलो. बाहेर जत्रेचे भोंगे वाजत होते. हवालदारांची वही डोळ्यांपुढे होती आणि समोर माझी ही वही. हिच्यात गोळी कोणी झाडली याची नोंद नाही, हुकूम कोणाचा त्याची नाही, मेलेल्या शिपायांची तर मुळीच नाही. नुसते ‘हसत हसत’. हसत गेले असतीलही, मोठ्या छातीची माणसे ती. पण एवढ्या एका शब्दाने मी बाकीचा सगळा हिशेब गिळून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर हवालदारांच्या वहीसारखे खाने आखले : कोणी झाडली, कोणाच्या हुकमाने, कोणाला लागली आणि शेवटी, जाब कोणी दिला. मुलांना म्हटले, आज व्याख्यान नाही. आज तीन गोळ्यांचा हिशेब करायचा.

पहिली, ८ मेची. झाडली सार्जंटने, कलेक्टर तिथे हजर, लागली शंकर शिवदाऱ्यांना. जाब? झाडणाऱ्यावर खटला झाला नाही. खाना मोकळा. त्याखाली आम्ही आणखी एक ओळ घेतली : दोन शिपाई. त्यांना मारले जमावाने. जाब चौघांनी दिला, प्राण देऊन. नावाचा खाना मोकळा राहिला. पण खाना काढला. आजवर माझ्या वहीत तो खानाच नव्हता. ती नावे शोधून आणण्याचे काम मोहोळच्या मुलाने मागून घेतले, आणि काल त्याच्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्यांपैकी दोघांनी ‘आम्हीपण’ म्हणून हात वर केले.

दुसरी गोळी न सुटलेली. सोलापूरच्या आधी पंधरा दिवस, २३ एप्रिल १९३० रोजी, पेशावरला अशीच गर्दी जमली होती, हाती शस्त्र नसलेली. रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांना तिच्यावर गोळी घालण्याचा हुकूम झाला. चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या नि:शस्त्र पठाणांवर बंदुका चालवायला नकार दिला. नेमबाजीत हयात घालवलेली माणसे ती. पंचवीस यार्डांवरचे लक्ष्य त्यांचे चुकले नसते. जाब? लष्करी न्यायालयासमोर तो त्यांनाच द्यावा लागला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली.

फळ्याकडे पाहत एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, ज्यानं मारली त्याला कोण विचारलं नाही, आणि ज्यानं नाही मारली त्याला शिक्षा!” तिने जे पाहिले ते मला तीस वर्षांच्या नोकरीत कधी एका ओळीत दिसले नव्हते. परक्याचे राज्य म्हणजे काय, यावर मी किती निबंध लिहवून घेतले असतील!

तिसरी गोळी सांगावी की नाही, याचा मला घोर पडला होता. समोर बंदूक शिकणारी पोरे. त्यांना, एका विद्यार्थ्याने गव्हर्नरवर पिस्तूल झाडले, हे कसे सांगावे? शिबिरप्रमुखाकडे पाहिले. तो म्हणाला, “सांगा सर. आपण नाही सांगितलं तर बाहेर कोणीतरी अर्धं सांगेल.” मग सांगितले. चौघांच्या फाशीनंतर सहा महिन्यांनी, २२ जुलै १९३१ रोजी, मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे वाडिया ग्रंथालय पाहायला आले. तिथे वासुदेव बळवंत गोगटे नावाच्या विद्यार्थ्याने सोलापूरच्या लष्करी कायद्याचा आणि फाशीचा सूड म्हणून अगदी जवळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक गोळी छातीवरच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली, दुसरीही लागली नाही. हॉटसन वाचले. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. १९३७ मध्ये ते सुटले, वकील झाले, पुढे पुण्याचे महापौरही झाले. लोक त्यांना जन्मभर ‘हॉटसन गोगटे’ म्हणत राहिले.

या ओळीत हुकमाच्या खान्यात काय लिहायचे यावर अर्धा तास वाद झाला. ‘स्वतःचा’ असे एक म्हणाला. ‘सोलापूरचा’ असे दुसरा. ‘कोणाचाच नाही, म्हणून तर चुकली!’ असे तिसरा. मी मध्ये पडलो नाही. शेवटी हवालदारांकडे सगळे वळले. ते मागे उभे राहून ऐकत होते. “मी शिपाईगडी,” ते म्हणाले, “माज्या वहीत हुकमाबिगर गोळी बसत न्हाई. पर ह्यानं जाबाचा खाना सोता भरला, लपला न्हाई. तेवढं लिवा.” मुलांनी तेवढे लिहिले.

शेवटच्या सकाळी हवालदार मला म्हणाले, “गुरुजी, तुमीबी पाच टाका.” चाळीस पोरांदेखत मी धोतर आवरून पालथा पडलो. माशी आणि खाच एका रेषेत येता येत नव्हती. चष्म्यावर वाफ धरली. अर्धा श्वास कुठे थोपवायचा तेच कळेना. पाचांपैकी दोन बांधाच्या मातीत गेल्या. तीन कागदावर लागल्या, त्याही तीन कोपऱ्यांत. मुलांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, हे त्यांच्या चांगुलपणाचे लक्षण. माझी टोपणे वेचायला तो पायमोज्यातला छात्र धावत आला. तळहातावर ओळीने मांडून त्याने ती मोजली आणि हवालदारांना मोठ्याने सांगितले, “गुरुजींची पाच. पुरी!”

संध्याकाळी मुले गड्ड्यावर गेली. शोभेचे दारूकाम पाहायचे त्यांनी कबूल करून घेतले होते.

यंदाच्या जूनपासून माझ्या टाचणवहीत त्या धड्याला चार ओळी नाहीत, चार तास आहेत. पहिल्या तासाला फळ्यावर खाने आखतो. काही अजून मोकळे आहेत; मोहोळच्या मुलाचे शोधकाम चालू आहे आणि अधूनमधून त्याचे पत्र येते.

अंगणातली लढाई मात्र थांबवू नका हो. तेवढीच तर दिवाळीची मौज. टिकल्यांची गुंडाळी संपवून पोर फराळाला आत आले की त्याला एकदा सहज विचारा, “किती उडाल्या रे?” यंदा तो नुसता हसेल. पुढच्या दिवाळीला कदाचित मोजून येईल.